ल्यूथर वाचताना बुद्धी आणि विश्वास यांचं कोडं कसं सोडवायचं

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर आणि त्याच्या परंपरेतली ल्यूथरन थिऑलॉजी (देवाविषयीची शिकवण) यांबद्दल काही वाचायला घेतलं की एक वाक्य समोर येतंच येतं, "बुद्धी म्हणजे सैतानाची वेश्या", आणि बऱ्याच जणांचं मत तिथेच बनून जातं. देवधर्म न मानणारे म्हणतात बघा, हा माणूस स्वतःच कबूल करतोय की धर्माला विचार चालत नाही. आणि मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, काही जणांना तेच वाक्य फार सोयीचं वाटतं, कारण प्रश्न विचारणाऱ्या पोराला गप्प करता येतं, डोकं चालवू नकोस, विश्वास ठेव. दोन्हीकडून ल्यूथरवर अन्याय होतो. मराठी वाचकाची आणखी एक अडचण असते, आपल्याकडे श्रद्धा की बुद्धिप्रामाण्य हा वाद आगरकरांपासून चालत आलाय त्यामुळे आपण नकळत तोच साचा सोळाव्या शतकातल्या विटेनबर्गवर, म्हणजे ल्यूथर जिथे शिकवायचा त्या जर्मन गावावर, बसवतो, आणि तिथला वाद मुळात वेगळाच होता.

ज्यांना बायबल स्टडीत हा विषय घ्यायचाय, सेमिनरीत ल्यूथर नेमलेला आहे किंवा नुसतं समजून घ्यायचंय त्यांच्यासाठी लिहितेय. ल्यूथर वाचायचा कुठून, वाचताना कोणता प्रश्न हातात धरायचा, आणि कुठे माणूस हमखास अडकतो, एवढंच सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे सुरुवात त्या गाजलेल्या वाक्यापासून करू नका. सुरुवात लहान कॅटेकिझमपासून करा, म्हणजे १५२९ मध्ये ल्यूथरने साध्या पाळकांसाठी आणि घरच्या कर्त्या माणसांसाठी लिहिलेली ती छोटी प्रश्नोत्तरी. त्याच्या आधी तो सॅक्सनीतल्या गावोगावच्या मंडळ्या बघून आला होता, लोकांना दहा आज्ञा नाहीत, प्रभूची प्रार्थना नाही, पाळकांनाच धड येत नाही, हे बघून हादरला आणि मग हे लिहिलं. त्यात प्रेषितांच्या विश्वासांगीकाराचे तीन भाग आहेत, त्यातला पहिला आणि तिसरा शेजारी शेजारी ठेवा आणि सावकाश वाचा.

पहिल्या भागात तो म्हणतो की देवाने मला निर्माण केलं, शरीर आणि जीव दिला, डोळे, कान, सगळे अवयव दिले, बुद्धी आणि सगळी इंद्रियं दिली, आणि अजूनही तो ती सांभाळतो. मग त्याच दमात कपडे, चपला, अन्नपाणी, घरदार, बायकामुलं, शेत, गुरंढोरं अशी यादी येते. म्हणजे बुद्धी कुठे बसली बघा, डोळ्यांच्या आणि भाकरीच्या रांगेत, देवाच्या देणग्यांमध्ये, आणि हे सगळं माझी काही लायकी नसताना दिलं असं तो पुढे म्हणतो. आता तिसरा भाग. मी माझ्या स्वतःच्या बुद्धीने किंवा बळाने येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही किंवा त्याच्याकडे येऊ शकत नाही, पवित्र आत्म्याने मला शुभवर्तमानाद्वारे बोलावलं.

एकच माणूस, एकच पुस्तिका, मध्ये जेमतेम एक पान. एकीकडे बुद्धीबद्दल देवाचे आभार आणि दुसरीकडे बुद्धीने ख्रिस्ताकडे पोचता येत नाही. हे ज्याला एकत्र धरता आलं त्याला ल्यूथरचं मूळ कळलं असं मी म्हणेन, बाकीचं सगळं याचा विस्तार आहे.

मग हातात कोणता प्रश्न धरायचा? ल्यूथरचं बुद्धीबद्दलचं कुठलंही वाक्य आलं की लगेच विचारा, हा आत्ता कशाबद्दल बोलतोय, माणसाच्या खाली आणि आजूबाजूला जे आहे त्याबद्दल, की देवासमोर माणूस कसा उभा राहतो त्याबद्दल? १५२५ मध्ये, माणसाची इच्छा मोकळी आहे असं मांडणाऱ्या इरॅस्मस या विद्वानाला उत्तर म्हणून जो मोठा ग्रंथ त्याने लिहिला, माणसाची इच्छा बद्ध आहे असं सांगणारा, त्यात हा फरक तो स्वतःच करतो, आपल्या खालच्या गोष्टींत माणसाला मोकळीक आहे, पैसाअडका, घरदार, व्यवहार, पण देवाच्या बाबतीत, तारणाच्या बाबतीत नाही. १५३० च्या ऑग्सबर्ग कन्फेशनचं, म्हणजे ल्यूथरन विश्वासाच्या जाहीर निवेदनाचं, अठरावं कलमही हेच म्हणतं की समाजात नीट वागण्यापुरतं आणि बुद्धीच्या आवाक्यातल्या गोष्टी निवडण्यापुरतं माणसाला स्वातंत्र्य आहे, पण पवित्र आत्म्याशिवाय देवाला मान्य होणारी नीतिमत्ता त्याला येत नाही. हा फरक पक्का धरला की निम्मी कोडी जागच्या जागी सुटतात.

आधी खालच्या बाजूची उदाहरणं घ्या, कारण ही बाजू लोक वाचतच नाहीत. १५२७ मध्ये विटेनबर्गमध्ये प्लेग आला. ब्रेस्लाऊच्या पाळकांनी विचारलं होतं की ख्रिस्ती माणसाने अशा साथीतून पळून जावं का, त्यावर ल्यूथरने खुलं पत्र लिहिलं, कोरोनाच्या वेळी ते जगभर फिरत होतं, तुमच्यापैकी काहींनी त्याचा तुकडा वाचलाही असेल. त्यात तो औषध न घेणाऱ्या, रोगी माणसापासून लांब न राहणाऱ्या, देवाला वाचवायचं असेल तर वाचवेल म्हणणाऱ्या लोकांवर चांगलाच बरसतो. हा विश्वास नाही, ही देवाची परीक्षा घेणं आहे असं तो म्हणतो. देवाने औषधं निर्माण केली आणि शरीराची काळजी घ्यायला बुद्धी दिली, तेव्हा औषध घ्या, घराला, अंगणाला धुरी द्या, जिथे तुमची गरज नाही तिथे जाऊ नका. पण ज्याच्यावर दुसऱ्याची जबाबदारी आहे, पाळक, शहराचा अधिकारी, आजाऱ्याजवळचा एकुलता एक माणूस, त्याने मात्र जागा सोडायची नाही. तो स्वतः विटेनबर्ग सोडून गेला नाही आणि त्याच्या घरातच आजारी माणसं होती. प्रार्थना करतोय म्हणून गोळ्या बंद केल्या असं ज्या घरात चालतं तिथे हे पत्र मोठ्याने वाचून दाखवावं असं मला फार वाटतं.

असंच शाळांचं. १५२४ मध्ये त्याने जर्मनीतल्या शहरांच्या नगरपालकांना लिहिलं की शाळा काढा, मुलांना भाषा शिकवा, चांगली ग्रंथालयं उभी करा. समजा आत्मा नाही, स्वर्ग नाही, नरक नाही, तरी नुसत्या जगाच्या कारभारासाठी सुद्धा शाळा पाहिजेतच, मुलांना आणि मुलींनाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. बुद्धीचा शत्रू असं लिहीत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, १५३६ चा "माणसाविषयी" हा वाद. विद्यापीठातल्या चर्चेसाठी चाळीस छोटी छोटी विधानं आहेत, निवांत अर्ध्या तासात होतात. चौथ्या विधानात तो म्हणतो बुद्धी ही सगळ्या गोष्टींत श्रेष्ठ आहे, या जीवनातल्या इतर गोष्टींच्या तुलनेत सर्वोत्तम आणि काहीतरी दैवी अशी. वैद्यक, कायदे, सगळ्या कला, सगळी विद्या तिनेच शोधली आणि तीच चालवते. एवढंच नाही, आदामाच्या पतनानंतरही देवाने बुद्धीचा हा मान काढून घेतला नाही, उलट कायम केला. हे वाचून मग परत त्या वेश्येवाल्या वाक्याकडे जा, तुम्हाला ते वेगळं दिसेल. पण घाई नको, कारण त्याच विधानांमध्ये पुढे तो हेही म्हणतो की ही एवढी थोर बुद्धी माणूस कुठून आला आणि कुठे चाललाय हे सांगू शकत नाही, माणसाची खरी व्याख्या तिच्याकडे नाही. ती व्याख्या तो पौलाकडून घेतो, रोमकरांस पत्र ३:२८, मनुष्य विश्वासाने नीतिमान ठरतो. विचार करणारा प्राणी ही ॲरिस्टॉटलची व्याख्या खोटी नाही म्हणतो, फक्त ती या आयुष्यापुरती आहे.

ॲरिस्टॉटलचं नाव आलंच आहे तर थोडं मागे जाऊ, त्याशिवाय ल्यूथरचा राग कळत नाही. तो एरफुर्टला शिकला, १५०५ मध्ये एमए झाला, त्याचे तिथले शिक्षक ओकम या मध्ययुगीन तत्त्वज्ञाच्या परंपरेतले, तर्कशास्त्रात मुरलेले. त्या परंपरेत गाब्रिएल बील वगैरे मंडळी असं शिकवत की माणसाने आपल्या परीने जमेल ते केलं तर देव त्याला कृपा नाकारत नाही. वरवर किती समजूतदार वाटतं ना, आपणही मुलांना असंच सांगतो. पण मठात ल्यूथरने हे खरोखर करून बघितलं, उपास, जागरणं, तासन् तास पापकबुली, आणि तो म्हणायचा, मी माझ्या परीने पुरेसं केलं हे मला कळणार कसं? म्हणून ४ सप्टेंबर १५१७ ला, म्हणजे पापक्षमेच्या पत्रांविरुद्धच्या त्या प्रसिद्ध ९५ प्रबंधांच्याही जवळजवळ दोन महिने आधी, त्याने स्कोलास्टिक थिऑलॉजीविरुद्ध, म्हणजे ॲरिस्टॉटलचा आधार घेणाऱ्या मध्ययुगीन विद्यापीठांतल्या थिऑलॉजीविरुद्ध, ९७ विधानं चर्चेला ठेवली. ॲरिस्टॉटलशिवाय थिऑलॉजियन होता येत नाही हे खोटं, उलट ॲरिस्टॉटल बाजूला ठेवल्याशिवाय होताच येत नाही, असं त्यात तो सरळ म्हणतो.

इथे नीट बघा, तो कशावर चिडलाय? तर्कावर नाही, विचार करण्यावर नाही. चांगली कामं करत करत माणूस चांगला होतो हे ॲरिस्टॉटलचं नीतिशास्त्र देवासमोर लावण्यावर तो चिडलाय. मला ल्यूथरमधली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते आणि पुस्तकांत ती बऱ्याचदा मागे पडते. बुद्धीचं त्याच्या मते खरं दुखणं शंका हे नाहीच. बुद्धी देवाशी हिशोब मांडते हे दुखणं आहे. मी इतकं दिलं, तू इतकं दे. मी चुकलो, आता भरपाई करतो. माणसामाणसांत हा हिशोब बरोबर आहे, कोर्टात, दुकानात, नोकरीत असाच लागतो, बुद्धी तिथे आपलं काम चोख करते. तोच हिशोब ती देवापुढे घेऊन जाते तेव्हा दोनच गोष्टी होतात, माणूस एक तर गर्वाने फुगतो नाही तर निराश होतो. गलतीकरांस पत्रावरची त्याची व्याख्यानं, १५३१ ला दिलेली आणि १५३५ ला छापलेली, त्यात ३:६ वर तो म्हणतो की विश्वास बुद्धीला ठार मारतो, सगळं जग जिला मारू शकलं नाही त्या जनावराला मारतो. भयंकर वाक्य आहे. पण उदाहरण कोणाचं, तर अब्राहामाचं. सारा वांझ, वय उलटून गेलेलं, आणि देव म्हणतो मुलगा होईल, तेव्हा बुद्धी म्हणणार शक्य नाही, आणि अब्राहाम देवाच्या शब्दाला देवाचा शब्द म्हणून मान देतो. मारली जाते ती देवाच्या वचनाचा न्याय करायला बसलेली बुद्धी, मेंढरं मोजणारी आणि विहिरी खणणारी बुद्धी अब्राहामाकडे दुसऱ्या दिवशीही होतीच.

मग बुद्धीला देवाबद्दल काहीच कळत नाही का? कळतं, आणि हे ल्यूथर मान्य करतो. १५२६ च्या योनाच्या विवेचनात तो जहाजावरच्या खलाशांकडे बोट दाखवतो, वादळ आलं आणि प्रत्येक जण आपापल्या देवाला हाक मारायला लागला. म्हणजे देव आहे, तो वाचवू शकतो, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो कोण आहे आणि मला वाचवायची त्याची इच्छा आहे का, हे बुद्धीला सांगता येत नाही. ती देवाबरोबर आंधळी कोशिंबीर खेळते, ही उपमा त्याचीच आहे, हात पसरून सारखी धरायला जाते आणि दरवेळी भलत्यालाच धरते. ही दोन ज्ञानं वेगळी ठेवा, देव आहे हे एक आणि देव माझ्या बाजूने आहे हे दुसरं. दुसरं फक्त ख्रिस्तात आणि तेही वधस्तंभावर कळतं, जिथे बुद्धी शोधायलाच जाणार नाही. १५१८ च्या हायडेलबर्ग वादातला वधस्तंभाचा थिऑलॉजियन म्हणतात तो हाच, वेळ असेल तर त्यातली १९ ते २१ ही विधानं वाचा.

यावरून विश्वास म्हणजे काय हेही लक्षात येईल. पुढच्या ल्यूथरन पंडितांनी विश्वासाचे तीन पदर सांगितले, माहिती असणं, ते खरं आहे असं मान्य करणं आणि भरवसा टाकणं. पहिल्या दोघांत बुद्धी उघडउघड आहे, ऐकल्याशिवाय आणि समजल्याशिवाय विश्वास कशावर ठेवणार. पण तिसरा नसेल तर पहिले दोन भुतांकडेही आहेत, याकोब २:१९, भुतेही विश्वास धरतात आणि थरथर कापतात. बायबल स्टडीत समजावताना मी एकच प्रश्न टाकायला सांगेन, "तुझ्यासाठी" हा शब्द तुझ्यापर्यंत पोचला का? प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीबद्दल, बोलताना लहान कॅटेकिझम याच शब्दांवर थांबतो. आणि तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा ल्यूथरन का करतात हेही इथेच कळतं, भरवसा ही बुद्धीची कामगिरी नाही, देवाचं दान आहे, मग ज्याची बुद्धी अजून उमललेली नाही त्याला तो मिळणार नाही असं कोण म्हणेल. म्हाताऱ्या माणसाची स्मृती जाते तेव्हा सुद्धा हीच शिकवण आधार देते, ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना हे आवर्जून सांगा.

आता सगळ्यात अवघड भाग, बायबल वाचताना बुद्धी कुठपर्यंत चालवायची. ल्यूथरन परंपरेत यासाठी एक नेहमीचा भेद आहे, बुद्धी सेवक म्हणून की मालक म्हणून. सेवक म्हणजे व्याकरण बघणं, मागचापुढचा संदर्भ लावणं, वाक्यातून निष्कर्ष काढणं, हे सगळं करायचंच. १८ एप्रिल १५२१ ला वर्म्सच्या सभेत, आपलं लिखाण मागे घे असं सांगितल्यावर, बादशहासमोर तो म्हणाला की शास्त्राच्या पुराव्याने किंवा स्पष्ट युक्तिवादाने मला पटवून दिल्याशिवाय मी माघार घेणार नाही, तेव्हा ही सेवक बुद्धी त्याच्या बाजूला उभी होती. मालक म्हणजे वचन काय म्हणतं ते कळलंय पण मला शक्य वाटत नाही म्हणून त्याचा अर्थ बदलायचा.

याची खरी परीक्षा मारबुर्गला झाली, ऑक्टोबर १५२९. हेस्सेचा संस्थानिक फिलिप याने ल्यूथर आणि स्विस धर्मसुधारक झ्विंग्ली यांना समोरासमोर बसवलं, पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर जमलं, प्रभुभोजनावर अडलं. झ्विंग्लीच्या बाजूचं म्हणणं थोडक्यात असं की ख्रिस्ताचं शरीर स्वर्गात आहे, शरीर एका वेळी एकाच जागी असतं, तेव्हा "हे माझे शरीर आहे" याचा अर्थ हे माझ्या शरीराचं चिन्ह आहे असा घ्यायला हवा. ल्यूथरने खडूने टेबलावर ते शब्द लॅटिनमध्ये लिहून ठेवले होते आणि तो तिथून हलला नाही, भूमितीचे दाखले त्याने ऐकून घेतले नाहीत. हा त्याचा हट्ट म्हणून सांगतात, पण आदल्याच वर्षी, १५२८ मध्ये, याच विषयावर त्याने जे लिहिलं ते बघा, एखादी गोष्ट एखाद्या ठिकाणी तीन तऱ्हांनी असू शकते हा भेद त्याने मांडलाय आणि तो कुठून घेतला तर त्याच स्कोलास्टिक तर्कपंडितांकडून ज्यांना तो एरवी शिव्या घालतो, आणि इथे त्यांचं बरोबर आहे असं म्हणतोही. ख्रिस्ताचं शरीर भाकरीत असणं अशक्य नाही एवढं दाखवायला त्याने तर्क वापरला, कसं आहे ते सिद्ध करायला नाही. सेवक आणि मालक यांतला फरक याच्याइतका स्पष्ट मला दुसरीकडे सापडत नाही.

आणि ती वेश्या? ते शब्द त्याने एकापेक्षा जास्त वेळा वापरलेत, पण सगळ्यात प्रसिद्ध जागा म्हणजे १७ जानेवारी १५४६ चा विटेनबर्गमधला त्याचा शेवटचा उपदेश, महिनाभरात तो आयस्लेबेनला वारला. वचन रोमकरांस १२:३, आपल्या योग्यतेपेक्षा स्वतःला मोठं समजू नका. शरीराची वासना सगळ्यांना दिसते, पण बुद्धीचीही एक वासना आहे, स्वतःच्या कल्पनेवर भाळण्याची, आणि ती जास्त सुंदर दिसते म्हणून जास्त धोक्याची, असा रोख आहे. निशाण्यावर होते बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांना आपल्या अकलेने हलकं करणारे लोक. भाषा कडक आहे, अश्लील आहे, मी तिची वकिली करणार नाही, मंडळीत उच्चारायची गरजही नाही. पण विद्यापीठ बंद करा असं त्यात कुठेही नाही.

ल्यूथरनंतर सगळं आलबेल राहिलं असं मात्र समजू नका. ल्यूथरचा सहकारी मेलांक्थोन, जो १५१८ मध्ये एकविसाव्या वर्षी विटेनबर्गला ग्रीकचा प्राध्यापक म्हणून आला, त्याने पुढे ॲरिस्टॉटल शाळाकॉलेजांत सन्मानाने परत आणला आणि माझ्या मते बरोबरच केलं, थिऑलॉजीच्या खुर्चीवर नाही तर विज्ञान आणि नीतीच्या खुर्चीवर. पण ट्युबिंगेनमध्ये पाळक व्हायला शिकलेला केप्लर, ग्रहांच्या गतीचे नियम देणारा, त्याला १६१२ मध्ये लिंट्झच्या ल्यूथरन पाळकाने प्रभुभोजन नाकारलं, कारण ख्रिस्ताचं शरीर सर्वत्र आहे या शिकवणीबद्दल त्याच्या मनात शंका होती आणि फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड या ल्यूथरन शिकवणीच्या मसुद्यावर तो बिनशर्त सही करेना. तो मरेपर्यंत स्वतःला ल्यूथरनच म्हणवत राहिला. ज्या परंपरेने बुद्धीला देवाची देणगी म्हटलं तिने प्रामाणिक शंकेला दारात उभं केलं याचं मला खरंच वाईट वाटतं, आणि अभ्यासवर्गात हा प्रसंग लपवू नये.

वाचायचा क्रम म्हणाल तर लहान कॅटेकिझम, मग प्लेगचं पत्र, मग १५३६ ची चाळीस विधानं, मग गलतीकरांस ३:६ वरचं विवेचन. या सगळ्यांची इंग्रजी भाषांतरं मिळतात. इरॅस्मसला दिलेलं उत्तर शेवटी घ्या, आणि पूर्ण जमलं नाही तर त्याची अखेरची काही पानं तरी वाचाच, जिथे तो तीन प्रकाशांबद्दल बोलतो. निसर्गाच्या प्रकाशात म्हणजे नुसत्या बुद्धीने बघितलं तर चांगली माणसं भोगतात आणि वाईट मजेत राहतात हे सुटत नाही. कृपेच्या प्रकाशात ते सुटतं, कारण हे आयुष्य म्हणजे सगळं नाही हे कळतं. पण ज्याला स्वतःच्या बळावर पाप करण्यापलीकडे काही येतच नाही त्याला देव दोषी कसा ठरवतो, हे कृपेच्या प्रकाशातही सुटत नाही, ते गौरवाच्या प्रकाशात कळेल. वर्गात कोणी हा प्रश्न विचारला, आणि कोणीतरी विचारतोच, तर त्याला गप्प बसवू नका आणि घाईने उत्तरही देऊ नका, ते पान उघडा आणि ल्यूथर तो प्रश्न स्वतः किती स्पष्ट शब्दांत मांडतो ते त्याला वाचू द्या.